छत उघडणारी जुनी गाडी घेताय? इंजिनाआधी पाणी शोधा

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींचे मला दर उन्हाळ्यात दोन-चार फोन येतात. गाडी बहुतेक वेळा माझदा एमएक्स-५ असते. जाहिरातीत छत उघडं टाकून उन्हात काढलेले फोटो असतात आणि प्रश्न ठरलेला: "मायलेज कमी आहे, इंजिन मस्त वाजतंय, घेऊन टाकू का?" मी विचारतो, "सीटच्या मागचं कारपेट दाबून पाहिलंत का?" त्यावर पलीकडे शांतता.

हीच चूक मीही केली आहे. २००३ सालची मार्क-२ (म्हणजे दुसऱ्या पिढीची एमएक्स-५) मी जून महिन्यात, लख्ख उन्हात घेतली. तासभर इंजिन ऐकलं, चालवून पाहिली, रंग निरखला. छत फक्त एकदा वर-खाली केलं. ऑक्टोबरात एका सकाळी सीटमागे पडलेलं पेन उचलायला हात घातला, तर कारपेट दबून बोटांच्या मधून पाणी वर आलं. पुढच्या एमओटीला, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीला, दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दाराखालचे उंबरठे, गंजामुळे नापास झाले. वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला. इंजिन मात्र आजही ठणठणीत आहे.

या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स सहसा दगा देत नाहीत, आणि दिलाच तर जुने सुटे भाग मिळतात. गंजलेला सांगाडा बदलता येत नाही. म्हणून पाहण्याचा क्रम असा ठेवा: कागद, पाणी, पत्रा, मग इंजिन, आणि चालवणं सगळ्यात शेवटी. एकदा चालवली की मन गाडीत बसतं आणि डोळे दोष बघायचं सोडून देतात.

## १. जाहिरात उघडण्याआधी पिढी ठरवा

एमएक्स-५ च्या चार पिढ्या आहेत आणि प्रत्येकीचं दुखणं वेगळं आहे. "कुठलीही चालेल, स्वस्त हवी" असं म्हणून निघू नका.

मार्क-१ (१९८९ ते १९९७) म्हणजे वर उघडणाऱ्या हेडलाइटची. हिच्या छताची मागची खिडकी प्लास्टिकची असते. मार्क-२ (१९९८ ते २००५) सगळ्यात स्वस्त मिळते आणि गंजाने सगळ्यात जास्त फसवते. मार्क-३ (२००५ ते २०१५) थोडी मोठी आहे. तिच्यात कापडी छताशिवाय बटणावर दुमडणाऱ्या कडक छताचाही प्रकार आहे. मार्क-४ २०१५ पासूनची. बजेट पुरत असेल आणि गाडी रोजच्या वापराला हवी असेल, तर मी मार्क-३ किंवा मार्क-४ बघायला सांगतो.

लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा शुल्क-विभाग, लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (प्रभागांमध्ये) लागू आहे. पेट्रोल गाडी युरो-४ या धुराच्या मानकात बसत नसेल, तर चालवाल त्या प्रत्येक दिवसाचे साडेबारा पौंड द्यावे लागतात. मार्क-१ आणि बऱ्याचशा मार्क-२ त्यात बसत नाहीत. हॅरो किंवा हाउन्स्लोला राहून स्वस्तातली मार्क-२ घ्यायची असेल, तर आधी ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावरच्या तपासणीत गाडीचा नंबर टाका.

विम्याचा आकडाही आत्ताच काढा. भारतीय लायसन्सवर इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच चालवता येतं, आणि दोन सीटच्या गाडीचा हप्ता नवख्या चालकाला चांगलाच जड जाऊ शकतो. गाडी पसंत पडल्यावर हा आकडा कळला, तर तो मान्य करण्याकडेच मन झुकतं.

## २. नंबरवरून इतिहास वाचा

ब्रिटनमध्ये कुठल्याही गाडीचा एमओटी इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या गाड्यांच्या नोंदी २००५ पासूनच्या आहेत. बहुतेक लोक फक्त शेवटचा "पास" बघतात आणि मायलेज चढत गेलंय ना, एवढं ताडून बंद करतात. खरा मजकूर जुन्या नोंदींत असतो, तो खालून वर वाचा.

पहिल्यांदा गंजाचा उल्लेख शोधा. तो आधी ताकीद म्हणून येतो, पुढच्या वर्षी पुन्हा येतो, मग एखाद्या वर्षी गाडी नापास होते आणि काही दिवसांनी पास होते. त्या मधल्या दिवसांत वेल्डिंग झालेलं असतं. वेल्डिंग झालं म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण ते कुणी, कुठे केलं आणि बिल आहे का, हे विचारायलाच हवं. गंजाची ताकीद तीन-चार वर्षं येत राहिली आणि एका वर्षी अचानक गायब झाली, बिल मात्र नाही, तर तिथे गंज झाकायला काळ्या अंडरसीलचा (गाडीच्या तळाला मारतात त्या लेपाचा) थर मारलेला असण्याची शक्यता धरून चला.

दुसरं, वर्षाला किती मैल झाले ते बघा. वर्षाला दोन-तीनशे मैल झालेली गाडी कागदावर मोहक दिसते. प्रत्यक्षात ती बहुधा वर्षानुवर्षं उघड्यावर, झाडाखाली उभी होती. पानं, शेवाळ, बुजलेले निचरे (छतावरचं पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटा), जुने टायर, हे सगळं अशाच गाडीत एकत्र सापडतं. वर्षाला चार-पाच हजार मैल चाललेली, दर वर्षी तेल बदललेली गाडी मी केव्हाही आधी बघेन.

मग पैसे भरून मिळणारा इतिहास अहवाल घ्या. गाडीवर कर्ज बाकी आहे का, ती चोरीची नोंदलेली आहे का आणि अपघातात विमा कंपनीने काढून टाकलेली आहे का, हे त्यात येतं. ऑक्टोबर २०१७ पासून दुरुस्त होण्याजोग्या अपघाती गाड्यांवर कॅट-एस (सांगाड्याला इजा) किंवा कॅट-एन (सांगाडा शाबूत) असा शिक्का असतो, त्याआधीच्यांवर कॅट-सी आणि कॅट-डी. छत नसलेल्या गाडीत सगळा भार खालच्या सांगाड्यावर असतो, म्हणून कॅट-एस मी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडतो.

सावधान: जपानहून आणलेल्या गाड्यांवर मागे "युनोस रोडस्टर" असं नाव दिसू शकतं. त्यांचा मीटर मुळात किलोमीटरचा असतो. कधी तो बदललेला असतो, कधी फक्त वरची तबकडी. एमओटीच्या नोंदींत कुठे मैल आणि कुठे किलोमीटर लिहिलेत, ते जुळवा.

## ३. फोनवर विचारायचे पाच प्रश्न

गाडी बघायला दीडशे मैल जाण्याआधी फोन करा. नुसत्या मेसेजवर भागवू नका, बोलताना माणूस कुठे अडखळतो ते कळतं.

"छत शेवटचं कधी बदललं?" "गाडी रात्री कुठे उभी असते?" "निचऱ्याची भोकं कधी साफ केलीत?" "टायमिंग बेल्ट कधी बदलला, बिल आहे का?" (हा मार्क-१ आणि मार्क-२ साठी. त्यांचा बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा असतो. मार्क-३ पासून साखळी आहे.) आणि शेवटी, "मी येईन तेव्हा इंजिन थंड ठेवाल का?"

निचऱ्याच्या प्रश्नावर "कसला निचरा?" असं उत्तर आलं, तर त्या मालकाने तो कधीच साफ केलेला नाही. गाडी लगेच बाद करू नका, फक्त पाण्याची तपासणी दुप्पट लक्ष देऊन करा.

पाहण्याआधी बयाणा देऊ नका. "आणखी दोघे येतायत" असं म्हणणारे तर भेटतातच.

## ४. सोबत काय न्यायचं

सकाळची वेळ ठरवा आणि पावसाचा अंदाज असेल तर बेत बदलू नका. पाऊस ही या कामाला मिळालेली मदत आहे. आदल्या रात्री पडून गेला असेल तर त्याहून उत्तम.

टॉर्च (डोक्याला लावायची असेल तर हात मोकळे राहतात), कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या, जुनी चटई किंवा पुठ्ठा, कागदी रुमाल, वही-पेन. शिवाय एक माणूस, ज्याला ही गाडी नको आहे. हा माणूस बाकी सगळ्या सामानापेक्षा कामाचा. घरातली वहिनी, मित्र, कुणीही चालेल. तुम्ही छताच्या प्रेमात पडाल तेव्हा तो चाकाच्या कमानीकडे बोट दाखवेल.

## ५. पाणी: छत बंद ठेवून सुरुवात करा

विक्रेता बहुधा छत उघडून गाडी तयार ठेवतो. त्याला नम्रपणे छत लावायला सांगा आणि ते लावताना त्याच्याकडे बघा. सवयीने एका हाताने लावतो, की ओढाताण करतो? ओढाताण होत असेल तर कापड आकसलंय किंवा सांगाडा वाकलाय.

दार उघडताच वास घ्या. आधी नाक, मग डोळे. कोंदट, बुरशीचा वास हा पाण्याचा पहिला पुरावा. गाडीत दोन-दोन सुगंधी डब्या टांगलेल्या दिसल्या तर शंका वाढू द्या. काचांना आतून धुकं आहे का, सीटबेल्टच्या पट्ट्यावर काळे ठिपके आहेत का, ते पाहा. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, कारण बुरशी आत गुंडाळलेल्या भागावर असते.

कारपेट दाबा. सीट पुढे सरकवा आणि सीटच्या मागच्या कोपऱ्यांत मूठ टेकवून पूर्ण भार द्या. मग कागदी रुमाल दाबून धरा आणि दहापर्यंत मोजा. वरून कोरडं वाटणारं कारपेट खालच्या फोममध्ये पाणी धरून ठेवतं. माझ्या गाडीत जूनमध्येही ते असणार. मी हाताने वरून चाचपलं आणि पुढे गेलो.

आता निचरा. मार्क-१ आणि मार्क-२ मध्ये छतावरचं पाणी कापडाच्या मागच्या कडेखाली बसवलेल्या पन्हळीत उतरतं, तिथून दोन्ही बाजूंना सीटबेल्टच्या खांबाजवळच्या भोकांत जातं आणि नळीवाटे मागच्या चाकांच्या जरा पुढे जमिनीवर पडतं. कोकणात मृगाआधी आपण कौलाखालची पन्हळ साफ करतो, कारण पाला साचला की पाणी भिंतीत मुरतं. इथेही तसंच होतं. भोक पानांनी, मातीने बुजलं की पाणी एक तर आत सीटमागे येतं किंवा सिलच्या पोकळीत साचून पत्रा आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत, आत भुसा.

मालकाची परवानगी घेऊन पुढची चाचणी करा. तुमचा सोबती पुठ्ठा टाकून मागच्या चाकाच्या पुढे खाली वाकून बघेल. तुम्ही छत आणि बॉडी जिथे मिळतात तिथे, दाराच्या मागच्या बाजूला, अर्धी बाटली पाणी सावकाश ओता. काही सेकंदांत खाली धार लागली पाहिजे. आता दुसऱ्या बाजूला तेवढंच पाणी, तेवढ्याच वेगाने. दोन्हीकडची धार सारखी हवी. एका बाजूला नुसते थेंब पडत असतील तर ती बाजू अर्धी बुजली आहे. काहीच येत नसेल तर ओतणं थांबवा, कारण पाणी आत चाललंय.

सावधान: बुजलेला निचरा तिथल्या तिथे ताठ तारेने खुपसून साफ करू नका, आणि विक्रेत्यालाही करू देऊ नका. नळीला भोक पडतं आणि मग पाणी कायमचं सिलमध्ये. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी लागते, तीही हलक्या हाताने.

बूट, म्हणजे मागची डिकी, उघडा. मार्क-१ आणि मार्क-२ ची बॅटरी बूटमध्ये असते. तिच्या खालचा पत्रा गंजलाय का, स्पेअर चाकाच्या खड्ड्यात पाणी किंवा पाण्याची रेघ आहे का, ते बघा. मागच्या दिव्यांचं रबर सुकलं की पाणी तिथूनही येतं. हे रबर स्वस्तात बदलता येतं, त्यासाठी गाडी सोडू नका.

आता छत स्वतः. टॉर्चचा उजेड आतून कापडावर टाका आणि सोबत्याला बाहेरून बघायला सांगा. उजेड दिसला तिथे भोक. कापड दुमडतं त्या जागा, म्हणजे दारामागचे दोन्ही कोपरे, सगळ्यात आधी झिजतात. शिवणींवर हिरवट शेवाळ असेल तर गाडी सावलीत ओली उभी राहिली आहे.

मार्क-१ ची प्लास्टिक खिडकी छत खाली करण्याआधी चेन उघडून सपाट पाडावी लागते. चेन न उघडता छत पाडत राहिलेल्या मालकाच्या गाडीत खिडकीवर आडवी पांढरी घडी पडलेली असते. ती घडी म्हणजे पुढच्या थंडीत पडणारी भेग.

मार्क-३ च्या कडक छतासाठी: समोरची कडी हाताने सोडून बटण दाबायचं, आणि साधारण १२ सेकंदांत छत मागे बसायला हवं. दोनदा पूर्ण उघडा, दोनदा पूर्ण लावा. मध्ये थांबलं, करकरलं किंवा एक बाजू आधी आणि दुसरी नंतर बसली, तर दुरुस्तीचा अंदाज आल्याशिवाय भाव बोलू नका.

सावधान: हिवाळ्यात काही गाड्या वर वेगळं कडक छत बसवून विकायला येतात. "खालचं कापडी छत छान आहे" यावर विश्वास ठेवू नका. कडक छत उतरवायला दोन माणसं लागतात, आणि तुम्ही दोघे आलाच आहात.

## ६. पत्रा: गुडघे टेकवल्याशिवाय दिसत नाही

इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. पुण्या-नाशकात वापरलेल्या गाड्यांना त्याची सवय नसते, म्हणून आपल्या लोकांना गाडी खालून बघायची सवय नसते. पुठ्ठा टाका आणि आडवे व्हा.

सिलचा मागचा भाग, मागच्या चाकाच्या कमानीला टेकतो तिथली वीतभर जागा, ही या गाडीची नाडी. रंगाखाली नाण्याएवढा फुगवटा दिसला, तर आतल्या थराचं नुकसान त्याच्या कितीतरी पट समजा. सिल अनेक थरांचा असतो आणि गंज आतून बाहेर येतो. शिवाय सीटबेल्ट बांधलेल्या जागेपासून ३० सेंटीमीटरच्या आत गंजाने पत्रा दुबळा झाला असेल, तर गाडी एमओटीत नापास होते. नेमकी हीच जागा त्या टप्प्यात येते.

कापडात गुंडाळलेलं चुंबक सिलवरून सावकाश फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे, म्हणजे आपल्या गॅरेजातली लांबी. पण बॉनेटवर चुंबक चिकटलं नाही म्हणून घाबरू नका, या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं. मागच्या आठवड्यात एकाने त्याच कारणावरून चांगली गाडी सोडून दिली, म्हणून मुद्दाम लिहितोय.

अंगठ्याने दाबा, बोटाच्या पेराने ठोका. निरोगी पत्रा टणक वाजतो, खाल्लेला बद्द आवाज करतो. पेचकस खुपसून बघायचा मोह आवरा, गाडी अजून दुसऱ्याची आहे.

मार्क-२ असेल तर इथे थांबू नका. पुढच्या बाजूला, इंजिनाच्या दोन्ही अंगांना, आडव्या पेटीसारख्या पोलादी पट्ट्या आहेत, ज्यांना इथे चॅसी रेल म्हणतात. त्यांचा पुढचा भाग दुहेरी पत्र्याचा आहे आणि मधल्या फटीत पाणी साचतं. इंजिनाखालचं प्लास्टिक आड येतं, त्यामुळे विकणाऱ्यालाही हा गंज अनेकदा ठाऊक नसतो. सिलचं वेल्डिंग नेहमीचं काम आहे. या रेलचं काम वेळखाऊ आहे, कारण आजूबाजूचं बरंच काही काढावं लागतं. मार्क-२ वर पसंती बसली तर माहितगार गॅरेजमध्ये गाडी उचलून ही एक जागा बघून घ्या. मालकाने नकार दिला तर तिथूनच परता.

मार्क-३ मध्ये मागच्या चाकांच्या कमानींची कड आतून बोटाने चाचपा. सस्पेन्शनचे बोल्ट गंजून जाम झालेत का, हेही खालून दिसतं. ते फिरत नसतील तर चाकांचं अलाइनमेंट होत नाही, आणि एक बोल्ट कापून काढण्यात अर्धा दिवस जातो.

तपासा: टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेची झीज सारखी आहे का. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आधी आठवडा, मग वर्ष असतं. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल असली तरी दहा वर्षांचा टायर बदलायचाच, त्याचे पैसे वहीत लिहा.

दारं आणि बॉडीमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत ना, ते बघा. मार्क-१ आणि मार्क-२ मध्ये इंजिनामागच्या भिंतीवर चॅसी नंबर कोरलेला असतो. तो आणि व्ही५सी लॉगबुकवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) नंबर अक्षरन्‌अक्षर जुळवा.

## ७. इंजिन: थंड असतानाच

बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने विनंती मोडली आहे. कारण विचारा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी परत या.

डिपस्टिक काढा. मार्क-३ मध्ये हे विशेष मनावर घ्या, कारण ती तेल पिते आणि तेल कमी पडून इंजिनं गेलेली आहेत. खालच्या खुणेच्याही खाली तेल असेल, तर मालक कसा आहे ते डिपस्टिकनेच सांगितलं. कूलंटमध्ये तेलाचा तवंग किंवा तेलाच्या झाकणाखाली भरपूर पिवळट साय नको. थोडीशी साय लहान फेऱ्यांमुळेही जमते.

सुरू केल्यावर मार्क-१ मधून टिक-टिक आवाज येऊ शकतो. हायड्रॉलिक लिफ्टरचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या भागांचा) हा आवाज या इंजिनांत नेहमीचा आहे, गरम झाल्यावर जातो, ताज्या तेलाने कमी होतो. खालून जड ठोका येत असेल तर तो वेगळा प्रकार. तसं असेल तर इंजिन बंद करा आणि आभार मानून निघा.

१९९१ पर्यंतच्या १.६ लिटरच्या मार्क-१ मध्ये क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, नाक (पुढचं टोक) छोटं असतं. पुढच्या पुलीवर चार खाचा दिसल्या तर छोटं नाक, आठ दिसल्या तर नंतरचं मोठं. छोट्या नाकाच्या क्रँकवर पुलीचा बोल्ट नीट आवळला गेला नाही, तर खोबण झिजून क्रँकच बाद होतो. पुली डुगडुगताना दिसली तर पुढे जाऊ नका.

## ८. चालवताना

आधी विमा. परक्या गाडीवर तुमचा विमा लागू आहे का, ते घरीच पाहून ठेवा. नसेल तर एका दिवसाचा घ्या, किंवा मालकाला चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसा.

पहिला अर्धा रस्ता छत लावून, काचा बंद, रेडिओ बंद. वाऱ्याची शिट्टी कुठल्या काचेच्या कडेने येते ते ऐका. क्लच हलका-जड होतोय, गिअर पडताना अडतोय, तर क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळत असू शकतो. तो स्वस्त असतो. थंड असताना दुसरा गिअर थोडा हट्टी असणं चालेल, गरम झाल्यावरही खरखरला तर चालणार नाही. चौथ्या गिअरमध्ये चढावर जोर द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग नाही, तर क्लच गेला. ५५ ते ६५ मैलांच्या वेगात स्टिअरिंग थरथरलं तर आधी चाकांच्या बॅलन्सिंगवर संशय घ्या.

मागचे ब्रेक जाम होणं आणि हँडब्रेक ढिला पडणं या गाड्यांत नेहमीचं. चढावर थांबून हँडब्रेक लावा आणि पाय काढा.

परतताना छत उघडा. खड्ड्यावर पुढची काच आणि आरसा किंचित थरथरणं छत नसलेल्या गाडीत स्वाभाविक आहे. पण पुढचं एक चाक फुटपाथच्या बुटक्या कडेवर चढवून गाडी उभी करा आणि दोन्ही दारं उघडा, लावा. सपाट रस्त्यावर जशी लागत होती तशीच लागली पाहिजेत. दार वर उचलून लावावं लागलं तर सांगाडा ढिला आहे, आणि सहाव्या पायरीत तुमच्या नजरेतून काहीतरी सुटलंय.

## ९. भाव आणि कागद

वहीतले दोष विक्रेत्यासमोर वाचून दाखवा, प्रत्येकासमोर खर्च. टायर इतके, बेल्ट इतका, छत इतकं. "काही कमी करा ना" या विनंतीपेक्षा ही यादी जास्त काम करते. मात्र सिल आणि चॅसी रेलवरच्या गंजाची घासाघीस करू नका. उघडल्याशिवाय तो खर्च कुणालाच कळत नाही, त्यामुळे तिथे कमी केलेला कुठलाही आकडा अंदाजच असतो.

विकणारा खासगी माणूस आहे की डीलर, याने बराच फरक पडतो. डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी ३० दिवसांत परत करता येते. खासगी विक्रीत गाडी वर्णनाप्रमाणे असावी आणि विकणाऱ्याला ती विकायचा हक्क असावा, एवढंच पदरात पडतं. म्हणून जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. "गंज नाही" असं लिहिलं असेल तर ते वाक्य तुमच्या कामाचं आहे.

व्ही५सी म्हणजे मालकीचा दाखला नव्हे, गाडी कोणाच्या नावावर चालते त्याची ती नोंद. म्हणून विक्रीची पावती लिहून घ्या, त्यावर तारीख, मायलेज, रक्कम, दोघांच्या सह्या. व्ही५सीवरच्या पत्त्यावरच, त्या घराच्या दारात उभं राहून बँकेतून पैसे पाठवा. हिरवी नव्या मालकाची चिठ्ठी घ्या. जुन्या मालकाचा रोड टॅक्स तुमच्याकडे येत नाही, त्या चिठ्ठीवरून तिथेच टॅक्स भरा आणि विमा सुरू करा. मगच किल्ली फिरवा.

## १०. घरी आणल्यावर पहिला आठवडा

आधी तेल आणि फिल्टर बदला, पावत्या नसतील तर कूलंट आणि ब्रेकचं तेलही. मग एक सुट्टी निचऱ्याला द्या. छत अर्धं उचला, भोकांतला पाला बोटांनी काढा, नायलॉनची दोरी हळू सोडा, कोमट पाणी ओता, दोन्ही बाजूंची धार पुन्हा मोजा. हे वर्षातून दोनदा करायचं, पानगळीनंतर आणि वसंतात.

त्या रात्री दोन्ही सीटमागे कारपेटखाली कोरडं वर्तमानपत्र सरकवून ठेवा. पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर सकाळी काढून बघा. ओलं निघालं तर कुठल्या बाजूचं ते वहीत लिहा, आणि त्या बाजूच्या निचऱ्यापासून सुरुवात करा.